पाचवी-सहावीच्या कपाटासाठी मे महिन्यातलं वाचन

वर्गाच्या कपाटातली पुस्तकं वाचायला शिक्षकाला मे महिन्यासारखा काळ मिळत नाही, पण तयारी एप्रिलमध्येच करावी लागते. एकदा निकाल वाटून झाले की कपाटाला कुलूप लागतं, किल्ली सांभाळणारी व्यक्ती गावाला जाते आणि शाळा उघडेपर्यंत काही हाती लागत नाही. म्हणून परीक्षा चालू असतानाच मी देवघेव नोंदवहीत रीतसर स्वतःच्या नावावर पुस्तकं घेऊन ठेवते. नोंद करूनच घ्यावीत. जूनमध्ये पडताळणी झाली की बाईंच्या घरी असलेलं पुस्तकही 'गहाळ' या रकान्यात जाऊन बसतं.

कोणती आणायची हे नोंदवहीच सांगते. मुलं ज्या पुस्तकांवर तुटून पडतात ती राहू द्यावीत, त्यांना आपली गरज नाही. पाहायच्या नोंदी दोन. वर्षभर एकदाही कपाटाबाहेर न गेलेली पुस्तकं ही पहिली. घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी परत आलेली ही दुसरी आणि जास्त कामाची. दुसऱ्या दिवशी परत आलेलं पुस्तक एक तर फार सोपं होतं, नाहीतर पहिल्या चार पानांत मुलाने हात टेकले. यातलं खरं काय ते ज्याने परत केलं त्याला तिथल्या तिथे विचारून पेन्सिलीने नोंदीपुढे लिहून ठेवावं. मेमध्ये ते पुस्तक उघडताना काय शोधायचं हे आधीच ठरलेलं असतं.

घरी आणलेल्या पुस्तकांचे गठ्ठे मी लेखक किंवा विषय पाहून करत नाही, पानं पाहून करते. १६ ते ३२ पानांची चित्रपुस्तकं एकीकडे, ४८ ते १०० पानांची दुसरीकडे, १०० च्या वरची तिसरीकडे. कोणत्याही मराठी शाळेच्या कपाटात हे गठ्ठे लावून पाहिले तर मधला सगळ्यांत बुटका निघतो. चित्रपुस्तकं गेल्या काही वर्षांत चांगली येऊ लागली आहेत. जाड कुमार कादंबऱ्या पूर्वीपासून आहेत. मोठा टाइप, छोटी प्रकरणं, दर चार-सहा पानांनी एखादं रेखाचित्र आणि तरीही धड गोष्ट असलेली मधली पुस्तकं कमी. नऊ ते बारा वयाची मुलं नेमकी या पायरीवर अडखळतात. चौथीपर्यंत चित्रपुस्तकं भराभर वाचणारं मूल सहावीत 'मला वाचायला आवडत नाही' म्हणतं तेव्हा बऱ्याचदा त्याच्या हातात पायरी गाळून पुढचं पुस्तक दिलेलं असतं. माझ्या उन्हाळी वाचनाचा मुख्य हेतू ही पायरी भरणं हाच असतो. बाकीचं वाचन आनंदासाठी.

प्रत्येक पुस्तक दोनदा पाहायचं. पहिल्यांदा सरळ, थांबे न घेता, मूल वाचेल तसं. दुसऱ्यांदा चिठ्ठ्या घेऊन. पुस्तक शाळेचं असल्याने पेन्सिलीची खूणही करायची नाही. जुन्या वहीचा कागद बोटभर रुंद पट्ट्यांत कापून घ्यावा. रंगीत चिकट चिठ्ठ्या जुन्या पिवळ्या कागदावर लावल्या तर काढताना वरचा थर सोलून येतो.

कठीणपणा पाहायला पाच बोटांची रीत चांगली. पान उघडायचं, वाचत जायचं आणि मूल अडेल असा शब्द आला की एक बोट मिटायचं. शंभर शब्दांत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक त्या मुलाने एकट्याने वाचायचं नाही, मोठ्याने वाचून दाखवायचं. यात मी दोन बदल करते. पहिलं पान न घेता मधलं घेते, कारण पहिल्या पानावर लेखक आणि संपादक दोघेही जपून असतात. दुसरं म्हणजे फक्त जोडाक्षरं मोजत नाही. 'चष्मा', 'रस्ता', 'डॉक्टर' यांत जोडाक्षर असलं तरी मूल अडत नाही, शब्द ओळखीचा असतो. अडतं ते 'अनिमिष नेत्रांनी', 'किंकर्तव्यमूढ' अशा ठिकाणी. त्याहून जास्त अडतं लांब वाक्यात, जिथे 'जेव्हा', 'ज्यामुळे', 'असे असूनही' यांची साखळी होऊन क्रियापद चौथ्या ओळीवर जातं. शब्द सगळे सोपे असूनही असं वाक्य मुलाला पुन्हा वाचावं लागतं. म्हणून तीन ओळींपेक्षा लांब वाक्यालाही माझं एक बोट मिटतं.

जुनी आवृत्ती हाती असेल तर शुद्धलेखन पाहावं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. त्याआधी छापलेल्या पुस्तकांत 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत' असे अनुस्वार जागोजागी असतात. मोठ्या माणसाच्या नजरेला ते दिसतही नाहीत. पाचवीतलं मूल मात्र प्रत्येक टिंब उच्चारायला जातं आणि वाक्याचा ताल तुटतो. अशी प्रत वाचून दाखवण्यासाठी ठेवायची, देवघेवीसाठी नवी मागवायची. मागवताना पहिल्या पानामागची माहिती वाचावी. नुसतं 'पुनर्मुद्रण' असेल तर बहुधा जुनाच मजकूर पुन्हा छापलेला असतो. 'सुधारित आवृत्ती' म्हटलेलं असेल तर लेखन बदललेलं असण्याची शक्यता जास्त.

वाचून दाखवण्याचा वेळ मोजल्याशिवाय कोणतंही पुस्तक वर्गासाठी पक्कं करू नये. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराच्या भरगच्च पानावर साधारण अडीचशे शब्द येतात. पाठीमागच्या बाकापर्यंत पोचेल असं वाचायचं तर मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्दांच्या पुढे जाता येत नाही, म्हणजे एका पानाला सव्वादोन ते अडीच मिनिटं. तासिका पस्तीस मिनिटांची. सुरुवातीची बसाबशी आणि शेवटचं बोलणं वजा केलं की हाती वीस मिनिटं राहतात, त्यात आठ पानं होतात. बारा पानांचं प्रकरण असेल तर तोडायची जागा मेमध्येच शोधून तिथे चिठ्ठी घालावी. ऐन वेळी घंटा वाजली म्हणून कुठेही थांबलं की पुढच्या तासाला आधीची दोन पानं पुन्हा वाचावी लागतात. फोनवर दोन पानं ध्वनिमुद्रित करून पाहिली की आपला वेग कळतो. शिवाय पात्रांचे संवाद आपण एकाच सुरात वाचतोय का, हेही ऐकू येतं. बहुतेक जण एकाच सुरात वाचतात.

प्रत्येक पुस्तकाचं पाच बाय तीन इंचांचं एक कार्ड करते. मोठं घेतलं तर कथानक लिहायचा मोह होतो आणि कथानक जूनमध्ये काही उपयोगाचं नसतं. पुढच्या बाजूला नाव, प्रकाशन, पानं, सर्वांत लांब प्रकरण किती पानांचं, आणि गोष्ट पकड घेते ते पान. हा शेवटचा आकडा सगळ्यांत मोलाचा. पकड पान ५ वर असेल तर पुस्तक कोणालाही देता येतं. २० वर असेल तर पहिली वीस पानं वर्गात वाचून दाखवायची आणि मग प्रत सोडायची. ४० वर असेल तर ते फक्त सरावलेल्या वाचकासाठी. मागच्या बाजूला समजावून सांगावे लागतील असे पाच शब्द, खटकणारी जागा, मुलींना गोष्टीत काय काम दिलंय, आणि हे पुस्तक संपवणाऱ्याला पुढे काय द्यायचं. पुढचं पुस्तक सुचत नसेल तर ती जागा कोरी ठेवावी. अशा कोऱ्या जागाच खरेदीची यादी होतात.

आता काही पुस्तकं, या कार्डांच्या अंगाने.

साने गुरुजींचं 'श्यामची आई' (१९३५) प्रत्येक शाळेत असतं आणि पुष्कळ मुलं ते सुरुवातीलाच सोडतात. कारण रचनेत आहे. मोठा झालेला श्याम आश्रमात रोज रात्री आठवणी सांगतो, म्हणून 'प्रारंभ' आणि प्रत्येक रात्रीची सुरुवात आश्रमातल्या बोलण्यात जाते. प्रसंग नंतर येतो. रात्री एकूण ४२ आहेत आणि जवळजवळ प्रत्येक स्वतंत्रपणे वाचता येते. तेव्हा पहिल्यापासून सुरू न करता 'श्यामचे पोहणे' घ्यावं, तेही थेट प्रसंगापासून. इथे पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारत बाहेर काढते. आजची मुलं या जागी हमखास थांबतात, 'आईनं मारलं तरी ती चांगली कशी?' विचारतात. त्यासाठी दहा मिनिटं राखून ठेवावीत. घाईने उत्तर देऊन टाकलं की वाचनाचा तास पुन्हा मूल्यशिक्षणाचा होतो.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून चालतो, आणि का चालतो ते पान मोजताना दिसतं. संवाद भरपूर, वाक्यं आखूड, एका परिच्छेदात एकच हालचाल. फुरसुंगीचा बनेश, त्याची सायकल आणि तोंडातलं 'टॉक्' ही ओळख पहिल्या काही पानांतच पक्की होते. मालिकेत काही पुस्तकं छोट्या कथांची आहेत, काही सलग एका साहसाची. सुरुवात कथांच्या पुस्तकाने करावी. कार्डाच्या मागे मात्र शब्द बरेच जमतात, तार आणि ट्रंक कॉल त्यातले पहिले. तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, म्हणजे आज पाचवीत बसणाऱ्या मुलाच्या जन्माआधी. त्याहून जुन्या पुस्तकांत आणे-पै येतात. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै एवढं फळ्यावर लिहून ठेवलं की पुरतं. दशमान नाणी १९५७ ची, हे गणिताच्या तासाला सांगता येतं. मुलींच्या रकान्यात मात्र या जुन्या साहसकथांपुढे फार काही लिहायला मिळत नाही. म्हणून कपाटात त्यांच्या शेजारी दुसरं काहीतरी असायला हवं.

मधल्या पायरीसाठी दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' उपयोगी पडतो. मूळ आकाशवाणीसाठी लिहिलेलं असल्यामुळे प्रत्येक भाग सुटा आहे आणि कानाला सोपा आहे. एक वाचला, दुसरा सोडला तरी चालतं. मुलाला 'पुस्तक पूर्ण केलंच पाहिजे' हे ओझं राहत नाही. रोजनिशीच्या घाटातली पुस्तकंही याच पायरीची. संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'ला २०२२ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. नोंदी आखूड असल्याने दिवसाला दोन पानं वाचणाऱ्यालाही ते पुरं होतं. रोजनिशीचा धोका एवढाच की वर्गातली निम्मी मुलं लगेच वही लिहायला घेतात आणि आपण ती तपासायला मागतो. मागू नये.

ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा'ला हाच पुरस्कार २०१७ मध्ये मिळाला. धरणाखाली जाणाऱ्या गावातलं बालपण त्यात आहे. ते मी सातवीसाठी ठेवते. पानं फार नाहीत, पण निसर्गाची वर्णनं सावकाश वाचायची आहेत आणि बोलीतले शब्द भरपूर. शहरातल्या वर्गात ते वाचून दाखवावं लागतं. धरणग्रस्त गावांच्या आसपासच्या शाळेत मुलंच शब्द समजावून सांगतात. मुळात 'कठीण' हा शेरा शाळेगणिक बदलतो. घरी अहिराणी, भिली, कोरकू किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतलं 'सोपं' पुस्तकही पाच बोटं मिटायला लावू शकतं. म्हणून दुसऱ्या शाळेची तयार यादी उचलून आणू नये.

अनुवादांत 'तोत्तोचान' सगळ्यांच्या ओळखीचं. तेत्सुको कुरोयानागींचं जपानी पुस्तक १९८१ चं, मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा, प्रकाशन नॅशनल बुक ट्रस्टचं. शिक्षक ते स्वतःसाठी वाचतात, मुलांना देत नाहीत, हे मला पटत नाही. प्रकरणं दोन-चार पानांची आहेत, एका तासिकेत दोन होतात. आगगाडीच्या डब्यात भरणारी शाळा पाचवीला लगेच पटते. डब्यात 'थोडं समुद्रातलं, थोडं डोंगरावरचं' आणायचा मुख्याध्यापकांचा नियम वाचून झाला की मधल्या सुटीत डबे उघडून वाद सुरू होतात. जपून वाचायच्या जागा शेवटाकडे आहेत. पोलिओ झालेल्या यासुआकीचा मृत्यू येतो आणि शेवटी बॉम्बहल्ल्यात शाळा जळते. ही प्रकरणं शनिवारच्या शेवटच्या तासाला घेऊ नयेत. लगेच घंटा होते आणि मुलं तशीच घरी जातात.

सत्यजित राय यांच्या गुप्तहेर फेलुदाच्या कथा अशोक जैन यांच्या अनुवादात रोहन प्रकाशनाने काढल्या आहेत. सांगणारा तोपसे मुलांच्याच वयाच्या जवळचा, त्यामुळे सातवीची पकड लवकर बसते. खटकणारी जागा एकच, फेलुदा सिगारेट ओढतो. मी ते पान लपवत नाही, पण कार्डावर लिहून ठेवते. पालकांचा फोन आला तर उत्तर तयार असतं.

न घेण्यासारखी पुस्तकंही याच महिन्यात ओळखता येतात. 'जगप्रसिद्ध कादंबऱ्या, संक्षिप्त' अशा मालिका स्वस्त मिळतात आणि खरेदीत हटकून येतात. पहिल्या पानामागे अनुवादकाचं नाव नसेल तर पुस्तक तिथेच बाजूला ठेवावं. ज्या कामाखाली कोणी नाव घातलेलं नाही त्यात गोष्टीचा सांगाडा राहतो, संवाद आणि विनोद गाळलेले असतात. मुलाला ती थोर कादंबरी कंटाळवाणी वाटते आणि पुढे पूर्ण अनुवाद आला तरी ते हात लावत नाही. दुसरा प्रकार शेवटी चौकटीत 'तात्पर्य' छापणाऱ्या बोधकथांचा. मुलं आधी चौकट वाचतात आणि गोष्ट सोडून देतात. तिसरा ओळखायला अवघड असतो. बालपणाबद्दल मोठ्यांसाठी लिहिलेली सुंदर पुस्तकं मुलांची समजून घेतली जातात. ओळखायची खूण अशी की हसू येतं ते मुलाच्या भोळेपणावर. अकरा वर्षांच्या वाचकाला स्वतःचा भोळेपणा दिसत नसतो, त्यामुळे त्याला हसायची जागाच सापडत नाही.

पैसे कमी असतील तर मधल्या गठ्ठ्यासाठी दोन फुकट वाटा आहेत. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर आहेत. त्यांतल्या तीन-चार पानांच्या कथा वाचून दाखवायला उत्तम. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. तिथल्या गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि मोकळ्या परवान्यामुळे छापून वापरता येतात. तिसरी-चौथी पातळी पाचवीच्या कामाची. मात्र अनुवाद कोणीही चढवू शकत असल्याने दर्जा कमी-जास्त आहे. एकाच गोष्टीचे दोन मराठी अनुवाद सापडले तर दोन्ही मोठ्याने वाचून पाहावेत. हिंदीवरून आलेला अनुवाद दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच कळतो. छापताना एका पानावर दोन पानं घेऊन मधे दुमडावं आणि कडेला नव्हे, मधोमध पिना माराव्यात.

पिनांवरून आठवलं. पातळ पुस्तकांच्या पिना पहिल्या पावसाळ्यात गंजतात आणि कागद तिथेच फाटतो. मेमध्येच पिना काढून जाड पांढऱ्या दोऱ्याने तीन भोकांची शिवण घालावी. एका पुस्तकाला पाच मिनिटं पुरतात. डिंकाने चिकटवलेल्या जाड पुस्तकाचा कणा सुटू लागला असेल तर कापडी पट्टी लावावी, सेलोटेप नको. ती दोन उन्हाळ्यांत पिवळी पडून निघते आणि डाग सोडते. कव्हर पारदर्शक घालावं. खाकी कव्हर घातलेलं पुस्तक कोणी उचलत नाही. गठ्ठ्यानुसार रंगीत टिकली लावायची असेल तर ती पुस्तकाच्या आत, शेवटच्या पानावर. बाहेर लावली की आठवड्यात मुलांना कळतं, 'तो अजून हिरवीच वाचतो'.

शाळा उघडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत रोज तीन पुस्तकांची ओळख करून देते, प्रत्येकी दोन मिनिटं. कार्डावरच्या पकड घेणाऱ्या पानाच्या अलीकडचा अर्धा परिच्छेद वाचायचा आणि थांबायचं. गोष्ट सांगायची नाही. अडचण येते ती प्रतींची. ओळख चांगली झाली की आठ-दहा हात वर येतात आणि कपाटात प्रत एक. रांगेतल्या शेवटच्या मुलापर्यंत ती ऑगस्टमध्ये पोचते, तोवर त्याची हौस गेलेली असते. म्हणून एकच प्रत असलेल्या पुस्तकाची एकट्याचीच ओळख करून देत नाही. कार्डाच्या मागे 'पुढे काय' म्हणून लिहिलेली पुस्तकं काढून तीही त्याच टेबलावर ठेवते आणि ज्याला पहिलं मिळालं नाही त्याच्या हातात लगेच दुसरं देते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. ते आलं की चाळीस नव्या नावांपेक्षा रांगा लागलेल्या दहा पुस्तकांच्या आणखी दोन-दोन प्रती आधी घ्याव्यात. बिलावर एकच नाव तीनदा दिसलं की हिशेब तपासणारे कारण विचारतात. त्यासाठी नोंदवहीतल्या प्रतीक्षेच्या पानाची झेरॉक्स बिलाला जोडून ठेवावी.